2010 नंतर माझं आवडतं काहीच नाही काय? (लेकीनं विचारलंय, उत्तर सुचंना)

कागलकरीण यांनी लिहिलंय:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे आणि पोस्ट लांबलीय, चहा घेऊनच बसा.

लेकीला सातवीच्या सुट्टीत शाळेनं प्रकल्प दिलाय. पालकांची मुलाखत घ्यायची, त्यांची आवडती चार पुस्तकं आणि चार सिनेमे, प्रत्येकाचं साल, लेखक-दिग्दर्शक आणि का आवडतं ते दोन-दोन ओळीत. नवऱ्यानं नेहमीसारखं "आईला विचार" म्हणून हात वर केले. मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे, कुकर लावता लावता घडाघडा सांगून टाकलं. पुस्तकं ययाती, मृत्युंजय, झोंबी, शाळा. सिनेमे पिंजरा, अशी ही बनवाबनवी, श्वास, नटरंग. एकदम अभिमानानं सांगितलं हं, तिसरी शिट्टी व्हायच्या आत यादी पूर्ण.

मग ती मोबाईल घेऊन सालं शोधत बसली. 1959, 1967, 1987, 2004. सिनेमांचं 1972, 1988, 2004, 2010. एका खाली एक सगळं लिहिलं, पट्टी लावून रकाने आखले आणि मला म्हणते कशी, "आई, 2010 नंतर तू काय केलंस?"

मी म्हटलं, काय केलं म्हणजे, तुला केलं. ती हसली आणि गेली. पण माझ्या डोक्यातनं ते जाईना झालंय.

कारण खरंच तसंच आहे ओ. डिसेंबर 2009 ला लग्न झालं, जानेवारीत नटरंग लागला. माझं माहेर कागल, आनंद यादवांचं गाव, त्यात सिनेमातला गुणा पण कागलकर, त्यामुळं माहेरचा माणूस भेटल्यासारखं झालं होतं, नवीन सासर, शेजारी नवीन नवरा आणि पडद्यावर आपलं गाव. तो मी शेवटचा सिनेमा असा बघितला की ज्यात सुरवातीच्या पाट्यांपासून शेवटच्या पाट्यांपर्यंत माझं लक्ष दुसरीकडं कुठंच नव्हतं. 2013 ला लेक झाली. तेव्हापासनं सिनेमा म्हणजे अर्धाच. थेटरात गेलो तर मध्येच पोरगीला शू, घरी टीव्हीवर लावला की कुणाचातरी फोन, नाहीतर मीच पंधराव्या मिनिटाला घोरायला लागते (नवरा म्हणतो, मी ऐकलेलं नाही). किल्ला तीनदा लावलाय मी. तीनदा. शेवट अजून माहीत नाही.

पुस्तकांचं त्याहून वाईट. पतसंस्थेत दिवसभर आकडे बघून संध्याकाळी अक्षरं नको वाटतात. पण एकेकाळी असं नव्हतं. नववीत असताना आप्पांनी मला झोंबी आणून दिलं. आप्पा स्वतः चौथीतनं शाळा सोडलेले, बापानं बैलामागं लावलं म्हणून. त्यांना वाचायचा कंटाळा, म्हणजे खरं तर सवय नव्हती, म्हणून रात्री जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचायची आणि ते तंबाखू मळत ऐकायचे. शिकायची आस असलेलं पोर आणि त्याला शेतातनं सोडायला तयार नसलेला बाप, ते सगळं आलं की मधेच हात वर करून मला थांबवायचे. "व्हय. आसंच आस्तंय. वाच फुडं." काही काही रात्री एका पानाच्या पुढं जायचोच नाही, कारण ते त्यांचंच सांगत बसायचे. माझ्या आज्जाविषयी मला जे काय माहीत आहे ते असं त्या पुस्तकाच्या मधे मधे कळलेलं आहे. आप्पा आता नाहीत.

तर आता "का आवडतं" ह्याच्या दोन ओळीत हे कुठं बसवू?

आणि खरा प्रश्न दुसराच आहे. मला मोह होतोय की दोन-तीन नवीन नावं घुसडावीत, किल्ला वगैरे, म्हणजे रकाना बरा दिसेल. अर्धा बघितलेला सिनेमा आवडता म्हणून लिहायचा काय? पोरांना झोपवताना शंभर वेळा वाचलेली बोक्या सातबंडेची पुस्तकं आपल्या यादीत धरायची काय? आणि तुमच्यापैकी कुणाची यादी अशी लग्नाच्या साली बंद पडलीय काय, का मीच एकटी?

---

तिकटीवरचा_दादा:

ताई पहिल्यांदा एक सांगतो, तुमची यादी 2010 पर्यंत तरी आली. माझी 1988 लाच थांबलीय. बनवाबनवी बघून बाहेर आलो, बास, त्याच्यावर काय आवडायचं राहिलंच नाही. आता माझा थोरला इंजिनिअर झाला तरी जेवताना तेच लावतो, बायको ताट उचलून आत जाते.

दुसरं, मृत्युंजय तुम्ही खरंच पूर्ण वाचलंय काय? रागावू नका. माझ्या लग्नात आहेर म्हणून तीन प्रती आल्या होत्या. तीन! सावंत आजऱ्याचे, कोल्हापुरात मास्तर होते, म्हटल्यावर आपल्या जिल्ह्यात आहेराला दुसरं पुस्तक कोण आणणार. मी गेली तीस वर्षं कुणी विचारलं की आवडतं पुस्तक मृत्युंजय असंच सांगतोय आणि कर्णाच्या पहिल्या भागाच्या पुढं गेलेलो नाही. एकदा मुलाखतीला पण सांगितलं, साहेब म्हणाले व्वा, त्यांनीपण वाचलं नसणार. त्यामुळं तुम्ही किल्ला अर्धा बघून लिहिलात तर मी तर म्हणतो प्रामाणिक आहात.

पोरीच्या प्रकल्पात एक ओळ मात्र घालाच. कोल्हापूरची पोरगी सिनेमावर लिहितीय आणि बाबूराव पेंटर नाहीत म्हणजे काय. 1918 ला गडीनं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला हितं, 1920 ला सैरंध्री काढला. पुढं प्रभात कंपनी पण 1929 ला हितंच निघाली, मग 1933 ला पुण्याला गेली आणि पुण्याची झाली. जाऊदे, तो विषय काढला की माझं बीपी वाढतंय.

---

राजारामपुरी_काकू:

कागलकरीण, बाळ, तू एकटी नाहीस. फक्त तू मध्यावर उभी राहून हिशोब मांडतीयस म्हणून तसं दिसतंय. माझं वय 69. माझ्या यादीत 1978 ते 2003 मोठ्ठा खड्डा आहे. दोन मुलं, सासूबाई अंथरुणावर, नोकरी. त्या पंचवीस वर्षांत मी काय वाचलं म्हणशील तर दिवाळी अंक, तेपण पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवून. धाकटा बेंगलोरला गेला त्या महिन्यात मी करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व परत सुरू केलं, लग्नाआधी होतंच. 1850 सालची संस्था, मी मधली पंचवीस वर्षं गेले नाही म्हणून काही बंद पडली नव्हती 😀

आता तुझ्या ययातीबद्दल. मी तो तीनदा वाचला, विशीत, पन्नाशीत आणि परवा. विशीत सगळं प्रेमप्रकरण वाटलं होतं. परवा वाचताना ते म्हाताऱ्या राजाचं पोराकडं तारुण्य मागणं आलं आणि मला एवढं हसू फुटलं की हे विचारायला आले काय झालं. अहो ह्या ययातीनं पोराचं तारुण्य मागून घेतलं, आमच्याकडं पोरंच आमचं घेऊन बेंगलोरला गेली, आणि वर आठवड्यातनं एकदा व्हिडिओ कॉल. खांडेकर शाहूपुरीच्या आसपास फिरताना दिसायचे असं माझे वडील सांगायचे, त्यांना गाठून हे सांगायला पाहिजे होतं.

आणि एक जरा वेगळं सांगते, लोक मला मारायला येतील. श्यामची आई. मी दोन्ही मुलांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं, एका रात्री एक रात्र, पुस्तकात तसंच आहे ना, रात्र पहिली, रात्र दुसरी. मुलं रडली, मी रडले, शेजारीण रडली. नंतर नातीला दाखवावं म्हणून अत्र्यांचा सिनेमा लावला, 1953 चा, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेलं. वनमालाबाईंचं काम आजही बघत राहावं असं आहे. पण मधेच नात म्हणाली, "आज्जी, ही आई स्वतःसाठी काय करती?" मी टीव्ही थांबवला. मला उत्तर येईना. दिवसभर विचार केला तरी येईना. तेव्हापासनं तो सिनेमा आवडतो का म्हणून कुणी विचारलं तर मी हो म्हणते, पण पूर्वीसारखं पटकन नाही म्हणत.

तुझ्या लेकीनं विचारलेला प्रश्न त्याच जातीचा आहे. यादीत काही घुसडू नकोस. रिकामा राहूदे रकाना.

---

शाहूपुरी_तळमजला:

मी सहसा इथं लिहीत नाही, वाचतो फक्त. पण आवडतं पुस्तक कसं ओळखायचं ह्याची माझी एक परीक्षा आहे आणि ती मी मुद्दाम घेतलेली नाही, पंचगंगेनं घेतली.

ऑगस्ट 2019. आमचं घर तळमजल्यावर. सगळे म्हणत होते 2005 ला पायरीपर्यंत आलेलं, तेवढंच येईल. आम्ही टीव्ही, फ्रीज, धान्य, पोराची दप्तरं वरच्या मजल्यावर नेली आणि रात्री बोटीतनं बाहेर पडलो. पुस्तकांचं कपाट राहिलं. दोनशेच्या आसपास असतील, माझ्या कॉलेजपासून जमवलेली. पाणी खिडकीच्या वर आलं. परत आलो तेव्हा कपाटाचं दार उघडंना, आत पुस्तकं फुगून एकमेकांत अडकलेली, विटांची भिंत बांधल्यासारखी. गाळाचा तो वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

गुळगुळीत कागदाची सगळी गेली, पानं एकमेकांना चिकटली की संपलं, ती सुटतच नाहीत. साध्या कागदाची काही वाचली. बायको आणि मी पंख्याखाली उभी करून ठेवायचो, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालायचो, दर तासाला बदलायचे, आणि जरा दमट राहिली की वरनं इस्त्री. लोक चादरी वाळत घालत होते आणि आम्ही पुस्तकं. शेजारच्या मामांनी विचारलं पण, "अरे भांडी धू आधी." बरोबरच होतं त्यांचं. वीस-बावीस वाचली असतील अशी. बाकीची घंटागाडीत.

आता मुद्दा. त्यानंतर मला वाटलं एकेक करून सगळी परत घ्यायची. यादी पण केली होती वहीत. सहा वर्षं झाली. किती घेतली माहितंय? दोन. एक बनगरवाडी, माडगूळकरांचं, लहानसं पुस्तक आहे, पण धनगरांच्या वाडीवर नवीन आलेला तो पोरसवदा मास्तर मला दर दोन वर्षांनी एकदा भेटावाच लागतो. आणि दुसरं फास्टर फेणे, तेपण पोराच्या नावाखाली, तो म्हणाला "पप्पा मला सिनेमा बघितलेला चालेल", म्हणून मग मीच वाचतोय. बाकीच्या पावणेदोनशेची आठवण पण येत नाही, आणि ती सगळी मी कुणालापण "माझी आवडती" म्हणून दाखवायचो. कपाट काचेचं होतं ना.

तेव्हा ताई, तुमची आठही नावं डोळ्यासमोर आणा आणि पूर आला असं समजा.

---

सध्या_मुक्काम_कोल्हापूर:

मुळात हे प्रकल्प पालकच करतात, मुलं नाही. शाळांनी हे बंद करायला हवं. चार पुस्तकं, चार सिनेमे, रकाने, सालं, हा काय सरकारी फॉर्म आहे का? आवड म्हणजे जनगणना नव्हे.

---

तिकटीवरचा_दादा:

@सध्या_मुक्काम तुम्ही पुण्याचे काय हो? सहज विचारलं.

---

सध्या_मुक्काम_कोल्हापूर:

हो. आणि प्रभात आम्ही नेली नाही, ती स्वतः आली.

---

तिकटीवरचा_दादा:

🙏 बीपीची गोळी घेऊन येतो.

---

दोन_पोरांचा_बाप:

भांडू नका ओ. ताई मी एवढंच सांगतो की पोरांबरोबर बघितलेलं पण आपलंच असतंय. मी एलिझाबेथ एकादशी पोरांसाठी म्हणून लावला, मनात म्हटलं मी आपला मोबाईल बघत बसीन. सायकलीचं नाव एलिझाबेथ हे ऐकून पोरं हसाय लागली. पण ती आई, स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी गेलेलं, आणि पोरं पंढरपुरात एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकून पैसे उभे करायला बघतात, तिथं माझा मोबाईल कधी खाली ठेवला कळलंच नाही. आमच्या आईचं शिलाई मशीन होतं. हप्ता थकला की ती ते आतल्या खोलीत नेऊन वर गोधडी टाकायची, वसुलीवाला दारातनं बघून जाईल म्हणून. हे मी पोरांना कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. धाकटा म्हणाला मग आज्जीच्या मशीनचं नाव काय होतं? आता काय सांगणार, नाव कुठलं, उषा होतं वर लिहिलेलं. तेव्हापासनं आमच्यात आज्जीच्या मशीनला उषाकाकू म्हणतात.

तो 2014 चा सिनेमा आहे, पोरगी साल विचारेल म्हणून सांगितलं. माझ्या यादीत पहिला आहे. आणि किल्ला पण 2014 चाच आहे, बघा की पूर्ण एकदा, पोरीला सोबत घेऊनच बघा.

---

कागलकरीण:

सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला, मार्च एंडची कामं अजून निस्तरतीय.

आधी तळमजलावाले दादा, तुमची परीक्षा घेतली. मनातल्या मनात पूर आणला, आमचं घर कोल्हापुरातल्या संभाजीनगरात उंचावर आहे तरी. ययाती गेलं, वाईट वाटलं नाही (काकू सॉरी). मृत्युंजय गेलं. इथं कबूल करते, तिकटीवरचे दादा, मी कर्ण आणि कुंती वाचलं, मग दुर्योधन जरा चाळला आणि एकदम शेवटी कृष्णावर उडी मारली. वृषाली आणि शोण मधल्यामधे राहूनच गेले. शाळा मी परत विकत घेईन असं वाटलं, पण कदाचित हॉस्टेलच्या आठवणीसाठी. झोंबी मात्र मी पाण्यात उतरून काढून आणलं असतं.

रविवारी किल्ला लावला. चौथ्यांदा. लेकीला म्हटलं मी झोपले तर चिमटा काढ. नवऱ्याला फोन सायलेंट करायला लावला, कुकर आधीच लावून घेतला. पूर्ण बघितला! आणि गंमत बघा, दोघींनी शेजारी बसून दोन वेगळे सिनेमे बघितले. ती त्या पोरांच्यात, समुद्र, पाऊस, सायकली, कोण कुणाशी बोलत नाही, ह्यात अडकलेली. मी त्या आईकडं बघत होते. नवरा गेलेला, बदली होऊन कोकणात आलेली, ऑफिसात नवीन, आणि घरी आलं की पोरगं तोंड फुगवून बसलेलं. ती दमून येऊन नुसती बसते ना, तेव्हा मला वाटलं हिला कुणीतरी पाणी द्या. सिनेमा संपल्यावर लेक म्हणाली, "त्या पोरानं आईशी जरा नीट बोलायला पाहिजे होतं." मी काहीच बोलले नाही. पाच मिनिटांनी तिनंच पाणी आणून दिलं, आणि लगेच म्हणाली "हे सिनेमामुळं नाही हं." बरं बाई.

प्रकल्प काल पूर्ण झाला. काकू, रकाना रिकामा ठेवायचा म्हणालात, पण तिनं तो तसा ठेवलाच नाही. यादी माझी आठ नावांचीच राहिली, मृत्युंजय काढून तिथं "अर्धे वाचले" असं तिनं स्वतःच कंसात लिहिलं आणि तिथं बोक्या सातबंडे टाकलं. किल्ल्यासाठी पिंजरा काढला, माझ्या आईला कळलं तर माझं काही खरं नाही. झोंबीच्या पुढं दोन ओळींची जागा होती तिथं तिनं चिकटपट्टीनं एक आख्खं पान जोडलंय, आप्पांचं, तंबाखूसकट. शेवटचं वाक्य असं आहे, "आता मी आईला झोंबी वाचून दाखवतो." बाईंनी तिथं लाल पेननं "दाखवतो" ला गोल करून "दाखवते" केलंय. आता कोल्हापूरची पोरगी आहे, ती मी जातो, मी येतो, मी खातो असंच बोलणार, तिची आज्जीपण तसंच बोलायची, मी पतसंस्थेत असते तेवढा वेळच मी जाते-येते म्हणते. लेक रुसलीय, म्हणते बाईंनी चूक नसताना चूक काढली.

आणि हो, ती खरंच वाचून दाखवायलीय. रोज रात्री, मी भांडी घासताना, ओट्याशेजारी स्टुलावर बसून. मोट, नाडा, सौंदर असले शब्द आले की थांबते आणि विचारते, आणि मग मी आप्पांसारखंच सांगत सुटते. परवा दोनच पानं झाली.

हे संपलं की पुढचं पाहिजे. झोंबीच्या पुढचं नांगरणी माझ्याकडं होतं, 2008 च्या आसपास कुणीतरी वाचायला नेलं ते नेलंच, कुणी ते पण आठवत नाही. तुमच्यापैकी कुणाकडं आहे काय? वाचून परत देईन, शप्पथ.

---

शाहूपुरी_तळमजला:

माझ्याकडं आहे. इस्त्री केलेल्यातलंच आहे पण, पानं फुगल्यात, कडेला गाळाचा डाग आहे आणि अजून जरा वास येतोय.

---

कागलकरीण:

चालतंय की.